ज्यांनी शरीरातले पहारेकरी ओळखले, त्यांनीच आतड्याला शत्रू ठरवलं : गोष्ट इल्या मेच्निकोव्ह यांची

१९०८ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोन जणांना विभागून मिळालं. एक होते जर्मनीचे पॉल एर्लिश. दुसरे होते पॅरिसमध्ये काम करणारे, मूळचे रशियन साम्राज्यातले इल्या मेच्निकोव्ह.

गंमत अशी की या दोघांची मतं एकमेकांच्या अगदी उलट होती. शरीरात जंतू शिरले की आपल्याला वाचवतं कोण? एर्लिश यांच्या बाजूचे लोक सांगायचे, रक्तातल्या द्रवात विरघळलेले पदार्थ. म्हणजे आज आपण ज्यांना अँटिबॉडी म्हणतो ते. मेच्निकोव्ह सांगायचे, जिवंत पेशी. या पेशी जंतूंना शोधतात, गिळतात आणि पचवून टाकतात.

नोबेल समितीने दोघांनाही मान दिला. पण खरं उत्तर बघायचं असेल, तर आपल्या शरीरातल्या एका जागेकडे बघावं लागतं. ती जागा म्हणजे आतड्याचं अस्तर. दोघांनीही ज्या पेशींचा आणि पदार्थांचा पक्ष घेतला, ते सगळे तिथे खांद्याला खांदा लावून काम करत असतात.

आणि मेच्निकोव्ह यांचा सगळ्यात मोठा अंदाज चुकला, तोही याच जागेबद्दल. कसा, ते समजून घ्यायचं तर सुरुवातीपासून सुरुवात करायला हवी.

भावंडांना पैसे देऊन भाषण ऐकवणारा मुलगा

मेच्निकोव्ह यांचा जन्म मे १८४५ मध्ये खारकीव्हजवळच्या एका गावात झाला. हा भाग आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होता. वडील झारच्या सैन्यात अधिकारी होते. आई ज्यू वंशाच्या लेखकाच्या घरातली होती. पाच भावंडांमध्ये इल्या सगळ्यात धाकटा.

लहानपणीच त्याला झाडापानांचं आणि किड्यामुंग्यांचं वेड लागलं. आसपासच्या वनस्पतींची माहिती गोळा करायची आणि ती भावंडांना, शेजारच्या मुलांना ऐकवायची, हा त्याचा उद्योग. मुलं कंटाळून पळून जाऊ नयेत म्हणून तो आपल्या खिशातले पैसे त्यांना देऊ करायचा.

घरातली बाकीची मंडळीही साधी नव्हती. एक भाऊ लेव्ह पुढे भूगोलाचा नामवंत अभ्यासक आणि राजकीय बंडखोर झाला. दुसरा भाऊ इव्हान तूला शहरात न्यायाधीश होता. तो १८८१ मध्ये आजारपणात गेला. लिओ टॉलस्टॉय यांनी इव्हान इलिचच्या मृत्यूवर जी प्रसिद्ध दीर्घकथा लिहिली, तिच्यामागे याच भावाच्या शेवटच्या दिवसांची हकीकत होती.

इल्याने खारकीव्ह विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांत संपवला. मग तो जर्मनी आणि इटलीत समुद्री जीवांचा अभ्यास करत फिरला. १८६५ मध्ये एका साध्या चपट्या कृमीत त्याला एक गोष्ट दिसली. या कृमीत अन्न पचवण्याचं काम पोटाच्या पोकळीत होत नव्हतं, पेशींच्या आत होत होतं. पेशी अन्नाचा कण सरळ गिळून टाकत होत्या.

त्या वेळी ही नोंद फार कोणाच्या लक्षात आली नाही. पण पुढच्या सगळ्या कामाचं बीज याच नोंदीत होतं.

दोनदा मरणाच्या दारात

पंचविशीच्या आत मेच्निकोव्ह विद्यापीठात शिकवायला लागले. १८६९ मध्ये त्यांनी लुडमिला फिओदोरोविच हिच्याशी लग्न केलं. तिला क्षय होता. लग्नाच्या दिवशी ती इतकी अशक्त होती, की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं.

पुढची चार वर्षं ते तिच्यासाठी उबदार हवेची ठिकाणं शोधत फिरले. उपयोग झाला नाही. एप्रिल १८७३ मध्ये मदेरा बेटावर तिचा मृत्यू झाला. मेच्निकोव्ह यांची स्वतःची दृष्टीही तेव्हा त्रास देत होती. सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्या माणसाला डोळ्यांनी दगा द्यावा, यापेक्षा वाईट काय असणार? त्यांनी स्वतःला संपवण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले.

१८७५ मध्ये ओल्गा बेलोकोपितोवा हिच्याशी त्यांचं दुसरं लग्न झालं. ती त्यांच्याहून बरीच लहान होती आणि त्यांच्याकडे प्राणिशास्त्र शिकत होती. पुढे तिने प्रयोगशाळेत त्यांना आयुष्यभर साथ दिली आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचं चरित्रही लिहिलं.

१८८० मध्ये ओल्गाला टायफॉइड झाला. ती कशीबशी वाचली, पण मेच्निकोव्ह पुन्हा कोसळले. त्यांनी एका तापाच्या रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. जगण्याची इच्छा उरली नव्हती, आणि हा ताप रक्तातून पसरतो का, हेही त्यांना बघायचं होतं. ते गंभीर आजारी पडले आणि पुन्हा वाचले. त्यानंतर मात्र त्यांचा स्वभावच बदलला. निराशेने ग्रासलेला हा माणूस पुढच्या आयुष्यात आशावादाचा प्रचारक म्हणून ओळखला गेला.

इथे टायफॉइडबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, अस्तराच्या आत, प्रतिकारपेशींचे छोटे छोटे पुंजके असतात. १६७७ मध्ये स्वित्झर्लंडचे योहान कॉनराड पायर यांनी त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना पायरचे पुंजके म्हणतात. या पुंजक्यांवर काही खास पेशी असतात. आतड्यातल्या जंतूंचे नमुने उचलून आत प्रतिकारपेशींपर्यंत पोचवणं हे त्यांचं काम. टायफॉइडचा जंतू नेमका याच दारातून आत घुसतो. उपचार न झालेल्या टायफॉइडमध्ये आतड्याला जखमा होतात आणि भोक पडतं, तेही बहुतेकदा याच जागी.

म्हणजे ज्या आजाराने मेच्निकोव्ह यांचं घर पुन्हा उद्ध्वस्त व्हायची वेळ आणली, तो आतड्यातल्या पहारेकऱ्यांच्या चौकीतूनच शरीरात शिरत होता. हे कळायला मात्र अजून खूप काळ जायचा होता.

गुलाबाचा काटा

१८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली. त्यानंतर रशियात दडपशाही वाढली. विद्यापीठांमध्येही राजकारण शिरलं. मेच्निकोव्ह यांनी ओडेसाच्या विद्यापीठातली नोकरी सोडली आणि १८८२ मध्ये ते इटलीतल्या मेसिना शहरात राहायला गेले. सोबत ओल्गा आणि तिची लहान भावंडं होती.

डिसेंबरमधली एक संध्याकाळ. घरचे सगळे सर्कशीतली माकडं बघायला गेले होते. मेच्निकोव्ह एकटेच सूक्ष्मदर्शकाशी बसून ताऱ्यामाशाची पिल्लं न्याहाळत होते. ही पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात. त्यांच्या आत फिरणाऱ्या पेशी स्पष्ट दिसतात.

बघता बघता त्यांच्या डोक्यात एक शंका आली. या फिरत्या पेशी फक्त अन्नच गिळतात का? बाहेरून काही घुसलं, तर त्याच्याशीही त्या लढत असतील का?

ही शंका खरी असेल, तर ताऱ्यामाशाच्या पिल्लाला काटा टोचल्यावर या पेशी त्याच्याभोवती जमल्या पाहिजेत. आपल्या बोटात कूस गेलं की तिथे पू होतो, तसं. मुलांसाठी नाताळचं झाड म्हणून सजवलेलं संत्र्याच्या जातीचं एक छोटं झाड घराच्या बागेत होतं. त्याच बागेतले गुलाबाचे काटे त्यांनी तोडून आणले आणि पिल्लांच्या कातडीखाली टोचले. रात्रभर त्यांना झोप लागली नाही.

सकाळी बघितलं तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडला होता.

लक्षात घ्या, ताऱ्यामाशाला आपल्यासारखं रक्त नसतं, रक्तवाहिन्या नसतात, मज्जासंस्थाही अगदी प्राथमिक असते. तरीही पेशी धावून आल्या. म्हणजे बचावाची ही पद्धत प्राणिसृष्टीत फार जुनी आहे.

व्हिएन्नामध्ये प्राणिशास्त्रज्ञ कार्ल क्लाउस यांच्या मदतीने या पेशींसाठी ग्रीक शब्दांवरून नाव ठरलं, फॅगोसाइट. म्हणजे खाणारी पेशी, आपल्या मराठीत भक्षकपेशी. पुढे मेच्निकोव्ह यांनी त्यातल्या मोठ्या पेशींना मॅक्रोफेज म्हटलं. आज जीवशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात हा शब्द असतो.

१८८४ मध्ये त्यांनी आणखी एक पुरावा दिला. पाणपिसू नावाचा एक बारीक जीव तळ्याच्या पाण्यात असतो, तोही पारदर्शक. एक प्रकारचं यीस्ट त्याच्या शरीरात घुसून त्याला मारतं. मेच्निकोव्ह यांनी दाखवलं, की भक्षकपेशींनी यीस्ट वेळेत गिळलं तर पाणपिसू जगतो, आणि पेशी कमी पडल्या तर तो मरतो. आजार आणि बचाव यांची लढाई प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसत होती.

लोकांनी विश्वास ठेवला का?

बहुतेकांनी नाही.

तेव्हा अनेक नामवंत डॉक्टरांचा समज याच्या उलट होता. पांढऱ्या पेशींमध्ये जंतू दिसतात, कारण या पेशी जंतूंना शरीरभर वाहून नेतात, असं ते मानत. मेच्निकोव्ह सांगत होते की ते जंतू पेशींच्या पोटात आहेत, कारण पेशींनी त्यांना खाल्लंय.

त्यात ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्राचे माणूस होते. १८८६ मध्ये ओडेसामध्ये पाश्चर यांच्या पद्धतीने रेबीजची लस देणारी संस्था सुरू झाली आणि तिची सूत्रं मेच्निकोव्ह यांच्याकडे आली. पण शहरातले डॉक्टर त्यांच्यावर सतत टीका करत राहिले. अँथ्रॅक्सच्या लसीच्या एका मोहिमेत खूप मेंढ्या दगावल्या, तेव्हा तर वातावरण अधिकच बिघडलं. शेवटी त्यांनी देश सोडायचं ठरवलं.

जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्याकडे त्यांचं स्वागत थंडच झालं. पॅरिसमध्ये मात्र लुई पाश्चर यांनी त्यांना जागा दिली. १८८८ मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि मेच्निकोव्ह तिथे रुजू झाले. पुढची २८ वर्षं, म्हणजे मृत्यूपर्यंत, ते तिथेच होते.

१८९० मध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवलं, की धनुर्वात आणि घटसर्प यांच्या विषाला निकामी करणारा पदार्थ रक्तद्रवात तयार होतो. पेशींची बाजू पडती दिसायला लागली. पण १९०३ मध्ये लंडनच्या आल्मरॉथ राइट यांनी या भांडणातला दुवा शोधला. रक्तद्रवातले काही पदार्थ जंतूंवर चिकटतात आणि त्यामुळे भक्षकपेशींना ते जंतू पटकन गिळता येतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे दोन्ही बाजू खऱ्या होत्या. द्रव खूण करतो, पेशी खातात.

१९०८ चं नोबेल दोघांना मिळालं, ते अशा वळणावर. त्याच डिसेंबरच्या अखेरीस मोठ्या भूकंपात मेसिना शहर जमीनदोस्त झालं. जिथे ही सगळी गोष्ट सुरू झाली होती, ते शहरच उरलं नाही.

मुंबईशी काय संबंध?

ओडेसामध्ये मेच्निकोव्ह यांच्या हाताखाली एक विद्यार्थी शिकत होता. तो ज्यू होता, राजकीय चळवळीत होता आणि पोलिसांच्या यादीत होता. मेच्निकोव्ह यांनी त्याला मदत केली. पुढे तोही पॅरिसला आला आणि १८८९ मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात कामाला लागला.

त्याचं नाव वाल्देमार हाफकिन.

१८९२ मध्ये हाफकिन यांनी कॉलऱ्याची लस तयार करून आधी स्वतःला टोचली. पुढच्या वर्षी ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला तीही पहिल्यांदा स्वतःवरच वापरली. परळला गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचं नाव दिलं गेलं. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट ती हीच.

कॉलऱ्याचे जंतू पिऊन बघितले

१८९२ मध्येच मेच्निकोव्ह यांना एका प्रश्नाने पछाडलं. कॉलऱ्याचे जंतू पोटात जाऊनही काही लोक आजारी का पडत नाहीत?

त्यांनी स्वतः कॉलऱ्याचे जंतू प्यायले. काही झालं नाही. मग इतर स्वयंसेवकांनी प्यायले. त्यातला एक जण मात्र मरता मरता वाचला. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण यातून त्यांच्या मनात एक विचार आला. आतड्यात आधीच राहणारे जंतू यात काही भूमिका बजावत असतील का? प्रयोगशाळेतल्या बशीत काही जंतू कॉलऱ्याच्या जंतूंना वाढायला मदत करतात आणि काही त्यांना रोखतात, असं त्यांना दिसलं.

ही कल्पना काळाच्या खूप पुढची होती. मात्र तिथून मेच्निकोव्ह एका वेगळ्याच दिशेला गेले.

आतडं म्हणजे विषाचा कारखाना?

१९०३ मध्ये त्यांनी माणसाच्या स्वभावधर्मावर एक पुस्तक लिहिलं. म्हातारपणाच्या शास्त्राला आज आपण जेरंटॉलॉजी म्हणतो, तो शब्द त्यांनीच दिला. म्हातारपण हा एक आजार आहे आणि त्यावर उपाय सापडू शकतो, असं त्यांचं मत होतं.

आजाराचं मूळ कुठे? त्यांचं उत्तर होतं, मोठ्या आतड्यात. तिथे अन्न कुजतं, जंतू विषारी पदार्थ तयार करतात, ते रक्तात मिसळतात आणि शरीर झिजतं. इतकंच नाही, तर अशक्त झालेल्या अवयवांवर भक्षकपेशी स्वतःच तुटून पडतात, मेंदूच्या पेशी खातात, केसांचा रंग खातात आणि केस पांढरे होतात, असं ते मांडायचे. मोठं आतडं माणसाला फारसं गरजेचंच नाही, असंही त्यांना वाटायचं.

हा विचार त्या काळात हवेतच होता. लंडनमधले प्रसिद्ध सर्जन विल्यम आर्बथनॉट लेन यांनी तर बद्धकोष्ठाच्या रुग्णांचं मोठं आतडंच कापून काढायला सुरुवात केली.

मेच्निकोव्ह यांचा उपाय सौम्य होता. आंबट दूध. बल्गेरियातले शेतकरी खूप जगतात आणि रोज दही खातात, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हात त्या दह्यातला जंतू ओळखला. हा जंतू लॅक्टिक ॲसिड तयार करतो. आतड्यात हे ॲसिड तयार झालं तर कुजवणारे जंतू दबतील, असा मेच्निकोव्ह यांचा हिशोब होता. ते स्वतः कित्येक वर्षं रोज आंबट दूध घेत होते.

१९०४ च्या त्यांच्या पॅरिसमधल्या व्याख्यानानंतर युरोपात दह्याची लाट आली. डॉक्टर दही लिहून द्यायला लागले, औषधांच्या दुकानात दह्याच्या जंतूंच्या गोळ्या आल्या. १९१९ मध्ये बार्सिलोनात आयझॅक करासो यांनी दह्याचा जो छोटा धंदा सुरू केला, त्याला विरजण पाश्चर इन्स्टिट्यूटमधून मिळालं होतं. तीच आजची डॅनोन. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी १९३५ मध्ये याकुल्ट बाजारात आणलं, त्यामागेही हाच विचार होता.

आपल्याकडे दहीभात आणि ताक हे नेहमीचंच. पण सुपरमार्केटच्या फ्रीजमध्ये प्रोबायोटिकच्या ज्या बाटल्या दिसतात, त्यांचं कूळ शोधत गेलात तर पॅरिसमधल्या या दाढीवाल्या माणसापर्यंत पोचाल.

त्यांना जे दिसलं नाही

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मेच्निकोव्ह यांनी आतड्याकडे कचराकुंडी म्हणून बघितलं. आज आपल्याला जे दिसतं, ते असं.

आतड्याचं अस्तर पसरलं, तर सुमारे ३० ते ४० चौरस मीटर होईल, म्हणजे साधारण अर्ध्या बॅडमिंटन कोर्टाएवढं. आणि हे अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचं असतं. दर तीन ते पाच दिवसांनी ते नवं होतं. त्याच्या एका बाजूला आपण आणि दुसऱ्या बाजूला अन्न आणि जंतू. शरीरात राहणाऱ्या जिवाणूंची संख्या सुमारे ३८ लाख कोटी असावी असा अंदाज आहे आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात.

एवढ्या पातळ भिंतीला राखायला एकाच प्रकारचा पहारेकरी पुरणार नाही. म्हणून तिथे वेगवेगळ्या पेशींची अख्खी वस्ती असते :

* मॅक्रोफेज. मेच्निकोव्ह यांच्या लाडक्या पेशी. अस्तराच्या लगेच खाली त्या मोठ्या संख्येने असतात. त्यांची खासियत अशी, की भिंत ओलांडून आलेला जंतू त्या गुपचूप गिळतात, पण आरडाओरडा करत नाहीत. म्हणजे सूज निर्माण करणारे संदेश सोडत नाहीत.

* डेंड्रायटिक पेशी. या पेशी जंतूंचे आणि अन्नाचे तुकडे गोळा करून इतर पेशींना दाखवतात. लढायचं की सोडून द्यायचं, हा निर्णय बराचसा त्यांच्यावर अवलंबून असतो. १९७३ मध्ये राल्फ स्टाइनमन यांनी त्या ओळखल्या.

* अस्तराच्या आतले लिम्फोसाइट. लहान आतड्यात अस्तराच्या दर दहा पेशींमागे साधारण एक अशी पेशी असते, थेट भिंतीच्या विटांमध्ये बसलेली. बिघडलेली किंवा जंतू शिरलेली पेशी ती मारते. गव्हातलं ग्लुटेन न सोसणाऱ्या सिलिअक रुग्णांमध्ये यांची संख्या वाढते, म्हणून डॉक्टर बायोप्सीमध्ये त्या मोजतात.

* प्लाझ्मा पेशी. शरीरातल्या अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींपैकी बहुतांश आतड्यात असतात. त्या रोज काही ग्रॅम आयजीए नावाची अँटिबॉडी आतड्यात सोडतात. ती जंतूंना बांधून ठेवते, भिंतीला चिकटू देत नाही.

* नियंत्रक टी पेशी. बाकीच्यांना शांत ठेवणं हे त्यांचं काम. त्या नसत्या तर रोजच्या जेवणावरही शरीर तुटून पडलं असतं. या पेशींच्या शोधासाठी २०२५ चं नोबेल दिलं गेलं.

* जन्मजात लिम्फॉइड पेशी. गेल्या पंधरा-वीस वर्षांत नीट ओळखल्या गेलेल्या. त्या अस्तराला दुरुस्तीचे आणि जंतुनाशक पदार्थ बनवण्याचे संदेश देतात.

* मास्ट पेशी आणि इओसिनोफिल. कृमी आणि ॲलर्जी यांच्याशी संबंधित. या दोन्ही पेशी रंग देऊन ओळखल्या कोणी? पॉल एर्लिश यांनी, तरुणपणी.

यांच्या जोडीला पॅनेथ पेशी असतात. त्या खऱ्या अर्थाने प्रतिकारपेशी नाहीत, अस्तराच्याच आहेत, पण जंतूंना मारणारे पदार्थ सोडतात. योसेफ पॅनेथ यांनी त्यांचं वर्णन १८८८ मध्ये केलं. मेच्निकोव्ह पॅरिसला पोचले तेच हे वर्ष.

यादी पुन्हा एकदा बघा. मॅक्रोफेज मेच्निकोव्ह यांच्या बाजूचे. अँटिबॉडी एर्लिश यांच्या बाजूच्या. आणि एर्लिश यांनी रंगवलेल्या पेशीही तिथेच. ज्या प्रश्नावर शास्त्रज्ञ वीस वर्षं भांडले, त्याचं उत्तर आतड्याच्या एका छोट्या तुकड्यात होतं.

मग ते चुकले कुठे?

मेच्निकोव्ह यांना प्रतिकार म्हणजे लढाई वाटायची. पेशी जंतू दिसला की खाणार, हाच त्यांचा पाया. पण आतड्यातल्या पेशींचं मोठं काम लढणं नसून लढाई टाळणं हे आहे. मित्र कोण, अन्न कोणतं, शत्रू कोण, हे ओळखून बहुतेक वेळा त्या गप्प राहतात.

मोठ्या आतड्यातले जंतूही फक्त विष बनवत नाहीत. आपल्याला न पचणारा चोथा आंबवून ते ब्युटिरेटसारखे पदार्थ तयार करतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन आहे आणि नियंत्रक टी पेशींनाही त्याची मदत होते. म्हणजे मेच्निकोव्ह ज्याला कुजणं समजत होते, त्यातला बराच भाग खरं तर देवाणघेवाण होती.

हा समतोल ढळला की काय होतं, ते क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारांत दिसतं. तिथे पहारेकरीच घरावर उलटतात. एचआयव्हीमध्ये उलटं होतं. संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच आतड्यातल्या टी पेशींची मोठी फळी कोसळते.

दह्याचं काय? ज्या जंतूवर मेच्निकोव्ह यांची भिस्त होती, तो माणसाच्या आतड्यात कायमचा मुक्काम करत नाही, हे त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांत स्पष्ट झालं. दही चांगलं अन्न आहे, पण त्याने शंभरी गाठता येते असा पुरावा नाही. प्रोबायोटिकच्या बाटलीवरचे दावे वाचताना एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

तरीही त्यांचा मूळ प्रश्न चुकीचा नव्हता. आतड्यातले जंतू आणि आपली तब्येत यांचा संबंध आहे, आणि ते जंतू बदलून तब्येत बदलता येईल का, हे विचारणाऱ्या पहिल्या मोठ्या शास्त्रज्ञांपैकी ते एक होते. आज जगभरातल्या प्रयोगशाळा त्याच प्रश्नावर काम करतायत.

शेवटचा प्रयोग

१९०९ मध्ये मेच्निकोव्ह रशियात गेले, तेव्हा यास्नाया पोल्याना इथे जाऊन टॉलस्टॉय यांना भेटले. मरणावर दीर्घकथा लिहिणारा लेखक आणि मरण लांबवू बघणारा शास्त्रज्ञ समोरासमोर बसले. एकाच्या कथेत दुसऱ्याचा भाऊ होता.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं. पाश्चर इन्स्टिट्यूटमधले तरुण संशोधक आघाडीवर गेले, प्रयोगशाळा ओस पडल्या. विज्ञान माणसाला शहाणं करेल असं मानणाऱ्या मेच्निकोव्ह यांना हे फार लागलं. त्यातच त्यांचं हृदय कमकुवत झालं. आजारपणातही ते स्वतःच्या लक्षणांची नोंद ठेवत राहिले. जणू आपलं शरीर हाच शेवटचा प्रयोग.

जुलै १९१६ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. वय ७१. शंभरी गाठण्याचं स्वप्न दाखवणाऱ्या माणसासाठी हे कमीच. पण तरुणपणी ज्याने दोनदा जगणं नाकारलं होतं, त्याच्यासाठी ते खूप होतं.

त्यांच्या अस्थी पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात एका कलशात ठेवल्या आहेत. याच संस्थेच्या ग्रंथालयात कधीकाळी त्यांचा विद्यार्थी हाफकिन कामाला होता.

पुढच्या वेळी जेवणानंतर ताकाचा पेला हातात घ्याल, तेव्हा मेच्निकोव्ह यांची आठवण काढा. ताकाने तुम्ही दीडशे वर्षं जगणार नाही. पण ते पोटात उतरेल, तेव्हा एका पातळशा भिंतीमागे त्यांच्या भक्षकपेशी आणि एर्लिश यांच्या अँटिबॉडी शेजारी शेजारी उभ्या असतील. आत आलेल्या प्रत्येक कणाची तपासणी करतील आणि ताकाला, कसलाही गोंधळ न घालता, जाऊ देतील.